रिकाम्या एचक्यूवर तीन-चार महिन्यांचा एमआर: काम घेण्यापासून सोडण्यापर्यंत

एखाद्या एचक्यूचा (हेडक्वार्टर, म्हणजे एमआरला नेमून दिलेलं गाव आणि भोवतालचा भाग) एमआर (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, कंपनीची औषधं डॉक्टर-केमिस्टपर्यंत नेणारा माणूस) अचानक रिझाइन करतो, किंवा मॅडम मॅटर्निटी लीव्हवर जातात, कुणाचा गाडीवरून पडून पाय मोडतो. नवीन माणूस शोधून, इंटरव्ह्यू घेऊन, ट्रेनिंग देऊन उभा करेपर्यंत चार महिने सहज जातात हे एबीएमला (एरिया बिझनेस मॅनेजर, एमआरचा साहेब) पक्कं माहीत असतं. तोपर्यंत टेरिटरी उघडी पडू नये म्हणून कंपन्या पेरोल एजन्सीमार्फत कॉन्ट्रॅक्टवर माणूस पाठवतात, आज सोलापूर, ते संपलं की लातूर, मग कदाचित जळगाव. ज्याने दोन-तीन वर्षं फील्ड केलंय आणि घरची जबाबदारी फिरण्याआड येत नाही त्याला हे काम छान जमतं. फ्रेशरने मात्र यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण इथे कुणी शिकवत नाही, दोन दिवस झूमवर प्रॉडक्ट सांगतात आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही बॅग घेऊन फील्डवर.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं त्यावरच आहे. नवा एमआर पहिल्या दिवशी डॉक्टरांकडे पळतो. फिल-इन वाल्याने (रिकाम्या जागी तात्पुरत्या आलेल्याने) उलटं जायचं, आधी स्टॉकिस्ट (केमिस्टना माल पुरवणारा होलसेलर), मग केमिस्ट, मग डॉक्टर. तुमच्याकडे दिवस मोजके असतात, आणि रिकाम्या एचक्यूवर नक्की काय बिघडलंय ते डॉक्टरच्या चेंबरमध्ये कळत नाही, केमिस्टच्या काउंटरवर कळतं.

उदाहरणासाठी मी सोलापूर एचक्यू धरतो म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

हो म्हणायच्या आधी काय विचारायचं

फोनवर एजन्सीचा माणूस पगार सांगतो आणि "उद्या जॉइन होता का" विचारतो. थांबा. पहिला प्रश्न, एचक्यू रिकामं का झालं आणि कधीपासून? महिनाभर रिकामं असेल तर डॉक्टर अजून विसरलेले नसतात, सहा महिने रिकामं असेल तर तुम्ही जवळपास नवीन कंपनी घेऊन जाताय असंच समजा आणि टार्गेट त्या हिशोबाने बोलून घ्या. दुसरा, मागच्या तीन महिन्यांचं सेकंडरी किती? प्रायमरीचा (कंपनीने स्टॉकिस्टला दिलेल्या मालाचा) आकडा कुणीही फुगवून सांगेल, स्टॉकिस्टकडून बाहेर किती गेलं तो आकडा मागा. तिसरा, डॉक्टर लिस्ट किती जणांची, स्टॉकिस्ट किती, एक्स-स्टेशन (जाऊन-येऊन होणारी गावं) आणि आउटस्टेशन (मुक्कामाची गावं) कुठली कुठली.

मग पैसे. इथे लोक फक्त इन-हँड बघतात आणि फसतात. ऑफर लेटरमध्ये तुम्ही एजन्सीचे फिक्स्ड टर्म एम्प्लॉयी आहात का "कन्सल्टंट" आहात ते शब्द नीट वाचा, कारण कन्सल्टंट लिहिलं की पगाराऐवजी प्रोफेशनल फी होते, १० टक्के टीडीएस कापला जातो, पीएफ नाही, ईएसआय नाही, रजा नाही. एम्प्लॉयी असाल तर पीएफ दोन्हीकडून १२ टक्के, ग्रॉस २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (तुमचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के), महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, बायकांना २५,००० पर्यंत पगार असेल तर तो माफ. आपल्या धंद्याला १९७६ चा सेल्स प्रमोशन एम्प्लॉईज ॲक्ट होता, तो आता नव्या लेबर कोडमध्ये गेलाय, हे कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. त्यात फिक्स्ड टर्म माणसाला त्याच कामाच्या पर्मनंट माणसाइतक्याच पगार-सवलती द्यायच्या आणि वर्ष पूर्ण झालं तर ग्रॅच्युइटीही द्यायची असं आहे. अपॉइंटमेंट लेटर हातात आल्याशिवाय बॅग उचलू नका, "लेटर नंतर येईल" हे वाक्य या लाइनमध्ये फार स्वस्त आहे. ओरिजिनल मार्कशीट कुणी ठेवून घेत असेल किंवा डिपॉझिट मागत असेल तर तिथेच रामराम.

एक्स्पेन्सचं तर लेखी घ्याच. एचक्यूला डीए (रोजचा भत्ता) किती, एक्स-स्टेशनला किती, आउटस्टेशनला किती, टू-व्हीलरला किलोमीटरमागे काय रेट, लॉजची लिमिट आहे का, आणि तुम्ही राहणारे पुण्याचे असाल तर सोलापूरला राहायचा खर्च कुणाचा? हा शेवटचा प्रश्न न विचारता गेलेले लोक अर्धा पगार रूम भाड्यात घालवतात. शिवाय एक्स्पेन्स पुढच्या महिन्यात क्लिअर होतो, म्हणजे भांडवल आधी तुमचं लागतं. समजा महिन्यात १० रात्री बाहेर, लॉज ९०० आणि खाणं-चहा ४००, झाले १३,०००, वर पेट्रोल पाच-सहा हजार. हे १८-१९ हजार तुमच्या खिशातून जाणार, आणि पहिला परतावा यायच्या आत दुसरा महिना सुरू झालेला असतो, तेव्हा ३५-४० हजार बाजूला असतील तरच हे काम घ्या. ॲक्सिडेंट कव्हर कंपनी देत नसेल तर स्वतःचा काढा, दिवसभर गाडीवर असतो आपण.

हँडओव्हर: काय मिळालं ते लिहून ठेवा

बहुतेक वेळा आधीचा एमआर भेटतच नाही. बॅग एबीएमच्या गाडीच्या डिकीतून मिळते, सॅम्पल एखाद्या स्टॉकिस्टच्या गोडाऊनमध्ये खोक्यात पडलेले असतात. ते खोकं तिथेच उघडा आणि मोजा. वहीच्या एका पानावर प्रॉडक्ट, पॅक, बॅच नंबर, एक्सपायरी, नग एवढे पाच कॉलम पुरतात. खाली तारीख आणि "एवढा माल मला मिळाला" असं लिहून फोटो काढा आणि त्याच संध्याकाळी एबीएमला मेल करा. व्हॉट्सॲप चालेल, पण मेल हवाच, व्हॉट्सॲप ग्रुपमधून तुम्हाला काढलं की पुरावा पण गेला. टॅब, व्हिजुअल एड (डॉक्टरला दाखवायचं सचित्र फोल्डर), एलबीएल (डॉक्टरकडे ठेवून यायचं पत्रक), रिमाइंडर कार्ड, जे काही असेल ते याच मेलमध्ये. कॉन्ट्रॅक्ट संपताना फुल अँड फायनलमध्ये (शेवटच्या हिशोबात) "तुमच्याकडे टॅबचा चार्जर आणि २०० सॅम्पल बाकी आहेत" असं निघतं तेव्हा हा मेल कामाला येतो.

सोबत कुठल्या डॉक्टरला या वर्षात किती सॅम्पल गेले त्याचं रेकॉर्ड मागा. १२ मार्च २०२४ ला औषध विभागाने मार्केटिंगची नवी संहिता आणली, यूसीपीएमपी म्हणतात ती. त्यात सॅम्पलचा एक पॅक तीन पेशंटच्या कोर्सला लागणाऱ्या डोसपेक्षा मोठा नको आणि एका डॉक्टरला एका औषधाचे वर्षात १२ पॅकपेक्षा जास्त द्यायचे नाहीत असं आहे, झोपेच्या आणि सिडेटिव्ह औषधांचे तर सॅम्पल अजिबात नाहीत. हे १२ पॅक डॉक्टरमागे आहेत, एमआरमागे नाहीत, म्हणजे आधीच्याने नऊ देऊन ठेवले असतील तर तुमच्या वाट्याला तीनच. नवीन माणूस आला की डॉक्टरही सहज म्हणतात "सॅम्पल ठेवून जा", तेव्हा हे माहीत पाहिजे.

पहिले दोन दिवस स्टॉकिस्टकडे

मालकाला नमस्कार करा, पण वेळ घालवा बिलिंगच्या माणसाजवळ. ऑर्डर तो टाकतो, शॉर्ट (संपलेल्या मालाची यादी) तो काढतो, केमिस्टचा फोन तो उचलतो. त्याला म्हणा, "दादा, तीन महिन्यांचं स्टॉक-सेल्स स्टेटमेंट काढून द्या ना", मार्गसारखं बिलिंग सॉफ्टवेअर असेल तर दोन मिनिटांत पीडीएफ मिळते. त्यात ओपनिंग, आलेला माल, विकलेला, क्लोजिंग असं असतं. प्रत्येक प्रॉडक्टचं क्लोजिंग त्याच्या महिन्याच्या सेलला भागा. दीड महिन्याचा माल असेल तर ठीक, चार-पाच महिन्यांचा असेल तर आधीच्याने जाता जाता टार्गेटसाठी डंपिंग केलंय (खप नसताना माल भरलाय) हे उघड आहे. आणि जे प्रॉडक्ट शून्यावर आहे ते लगेच मागवून घ्या, तुम्ही डॉक्टरला सांगायचं, त्यांनी लिहायचं आणि केमिस्टने "माल नाही" म्हणायचं, यापेक्षा वाईट सुरुवात नाही.

मग एक्सपायरी-ब्रेकेजचे (मुदत संपलेल्या आणि फुटलेल्या मालाच्या भरपाईचे) पेंडिंग क्लेम विचारा. इथे स्टॉकिस्ट सगळा राग तुमच्यावर काढणार, वर्षभर क्रेडिट नोट आली नाही, फोन उचलत नाहीत, वगैरे. वाद घालू नका, आकडा लिहून घ्या, क्लेमच्या कागदांचा फोटो घ्या, एबीएमला मेल करा आणि त्या मेलची तारीख स्टॉकिस्टला सांगा. "मी बघतो, होऊन जाईल" असं बोलू नका. तुम्ही चार महिन्यांनी जाणार हे त्यालाही माहीत आहे, त्याला आश्वासन नको असतं, कुणीतरी कागद पुढे सरकवलेला हवा असतो. एक क्लेम जरी पास करून आणलात तरी पुढचे सगळे दिवस ऑर्डरला तो माणूस आडवा येत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी केमिस्ट

दुपारी दोन ते चार जा, ओपीडी सुटलेली असते आणि काउंटर रिकामा असतो. सोलापुरात रेल्वे लाइन्स भागात हॉस्पिटलं दाटीने आहेत, तिथली हॉस्पिटलखालची आणि समोरची मेडिकल आधी घ्या. आरसीपीए (कुठल्या डॉक्टरचं काय खपतं याची केमिस्टकडून घ्यायची माहिती) म्हणून फॉर्म भरायला दिलेला असतो, तो हातात धरून प्रश्न विचारू नका, माणूस आखडतो. असं काहीतरी बोला:

"शेठ, अमुक कंपनीकडून आलोय, इथे काही महिने मीच आहे. आमचं काही अडकलंय का तुमच्याकडे?"

"अडकलंय म्हणजे? दहा पट्ट्या पडल्यात, दोन महिन्यांत एक्सपायर होतील. तुमचा तो माणूस आलाच नाही परत."

"दाखवा, बॅच लिहून घेतो. आणि सध्या ॲसिडिटीच्या पँटो-डी मध्ये कुणाचं चालतंय हो?"

इथून तो स्वतःच बोलायला लागतो, वरचे सर काय लिहितात, आठवड्याला किती पट्ट्या जातात, कुठल्या कंपनीचा एमआर दर आठ दिवसांनी येतो. दुकानाबाहेर आल्यावर लिहून घ्या, समोर नको. आणि प्रिस्क्रिप्शनचे फोटो काढू नका, त्यावर पेशंटचं नाव असतं, आपल्याला ब्रँड आणि संख्येशी मतलब. मार्जिनचं गणितही डोक्यात असू द्या कारण केमिस्ट ते काढणारच: शेड्युल्ड (सरकारने किंमत बांधून दिलेल्या) औषधांवर रिटेलरला १६ आणि स्टॉकिस्टला ८ टक्के, नॉन-शेड्युल्डवर धंद्यात रुळलेलं २० आणि १०. स्कीम कंपनीने लेखी दिली असेल तेवढीच सांगा.

आता डॉक्टर

चार दिवस असे घातलेत की डॉक्टर लिस्ट आपोआप लहान होते. कंपनीची लिस्ट समजा १५० जणांची आहे, त्यात बदली झालेले, प्रॅक्टिस बंद केलेले, आणि जे कधीच लिहिणार नाहीत असे भरपूर असतात. केमिस्टकडून जे कळलं त्यावरून तीन गट करा: आजही आपलं लिहितात ते, पूर्वी लिहायचे आणि माणूस येईना म्हणून थांबले ते, आणि बाकीचे. तुमची खरी कमाई मधल्या गटात आहे. पहिल्यांना फक्त धरून ठेवायचंय, तिसऱ्यांना डीसीआरपुरतं (रोजच्या भेटींच्या रिपोर्टपुरतं) भेटा. हे एबीएमला पटणार नाही, त्याला नवीन डॉक्टर कन्व्हर्जन हवं असतं, पण चार महिन्यांत नवीन नातं उभं राहून सेल दिसणं अवघड आहे, तुटलेलं जोडणं त्यापेक्षा सोपं.

पहिला कॉल (डॉक्टरची भेट) एका मिनिटाचा. "नमस्कार सर, मी अमुक कंपनीकडून, सप्टेंबरपर्यंत सोलापूर मी बघतोय. आपण आमचं हे लिहायचात, मधे खाली माल नव्हता, आता दोन्ही मेडिकलला ठेवलाय." एवढंच. आधीचा का गेला, कंपनीत काय चाललंय, या गप्पांमध्ये अजिबात शिरू नका, डॉक्टरने विचारलं तरी. चेंबरबाहेरच्या कंपाउंडर मामांना किंवा सिस्टरना पहिल्याच दिवशी विचारा की सर एमआरना कधी भेटतात, पाटी लावलेली असते "मंगळवार, शुक्रवार दुपारी २ नंतर" अशी, पण पाटी आणि खरी वेळ यात फरक असतो आणि तो मामांनाच माहीत असतो. भेट मिळवायला कुणालाही पैसे द्यायचे नाहीत, ते संहितेतही स्पष्ट आहे. केंद्र सरकारच्या हॉस्पिटलांमध्ये तर २०२५ मध्ये एमआरना आत घेऊ नये असा आदेशच निघाला, तशी काही हॉस्पिटलं तुमच्या लिस्टवर असतील तर एबीएमला आधी विचारा.

सगळ्यात नाजूक प्रसंग म्हणजे "तुमच्या आधीच्याने कॉन्फरन्सचं कबूल केलं होतं, त्याचं काय झालं?" यावर खोटं "हो सर, करतोय" नको आणि "तसं काही चालत नाही सर" असं तोंडावर पण नको. म्हणा, "सर, मला याची नोंद मिळालेली नाही, आणि नव्या नियमात डॉक्टरांना ट्रॅव्हल, हॉटेल, गिफ्ट असं वैयक्तिक काही देता येत नाही. मॅनेजर सरांना आपल्याशी बोलायला सांगतो." मग खरंच सांगा. ब्रँड रिमाइंडर म्हणून देता येणारी वस्तू, डायरी-कॅलेंडर वगैरे, एक हजार रुपयांच्या आतली हवी. कबुली आधीच्याची असली तरी चेंबरमध्ये उभे तुम्ही असता, त्यामुळे हे वाक्य पाठ पाहिजे.

प्रॉडक्टचं सगळं येत नसेल तर चालतं, फेकाफेकी चालत नाही. किडनीच्या पेशंटला डोस किती, प्रेग्नन्सीत चालतं का, असं काही विचारलं आणि येत नसेल तर "कंपनीच्या मेडिकल डिपार्टमेंटकडून लेखी मागवून देतो सर" म्हणा आणि दोन दिवसांत द्या. उलट डॉक्टरने सहज म्हटलं की "तुमच्या गोळीने एकाला अंगावर पुरळ आलं हो", तर ते गप्पांमध्ये सोडू नका, त्याच दिवशी कंपनीच्या फार्माकोव्हिजिलन्सला (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या विभागाला) कळवायचं. डॉक्टरांना स्वतः कळवायचं असेल तर सरकारची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४.

टूर प्लॅन

एमटीपी (महिन्याचा टूर प्लॅन) आधीच्याचा तसाच कॉपी करू नका, तो त्याच्या घराच्या सोयीचा असतो. सोलापूरला पंढरपूर आणि बार्शी दोन्ही साधारण सत्तरेक किलोमीटर, अकलूज शंभराच्या पुढे. पंढरपूरला जाताना मोहोळ घ्या आणि येताना मंगळवेढ्यावरून या म्हणजे दोन गावं फुकटात होतात. अकलूजला मुक्काम करा आणि माळशिरस, नातेपुते दुसऱ्या दिवशी. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन होतं, पण गुरुवारी स्वामींच्या दर्शनाची गर्दी असते म्हणून दुसरा वार टाका. आषाढीच्या आठवड्यात पंढरपूर प्लॅनमध्ये असेल तर काढून टाका, लॉज मिळत नाही, रस्ते बंद, डॉक्टरही त्या दिवसांत वेगळ्याच कामात. आठवडी बाजार कुठल्या गावाला कुठल्या वारी ते केमिस्टला विचारून घ्या, बाजारच्या दिवशी खेड्यातले पेशंट गावात येतात आणि ओपीडी तुंबते, एमआरचा नंबर लागता लागत नाही. उलट केमिस्टकडे त्याच दिवशी सगळ्यात जास्त शॉर्ट निघतो, म्हणून ऑर्डर आदल्या दिवशी घ्या.

आणि उन्हाळ्याचं. सॅम्पलच्या खोक्यावर "२५ डिग्रीच्या खाली ठेवा" असं काहीतरी छापलेलं असतं आणि ते मे महिन्यात सोलापुरात गाडीच्या डिकीत दुपारभर असतं, तिथे हात लावला तर चटका बसतो. कॅप्सूल एकमेकींना चिकटतात, सिरपचा रंग बदलतो. त्या दिवसाला लागतील तेवढेच काढा, बाकीचे रूमवर.

डीसीआर, टार्गेट आणि महिनाअखेर

डीसीआर त्याच रात्री भरा. ॲपमध्ये लोकेशन पकडलं जातं, घरी बसून बार्शीचे दहा कॉल टाकणारे कधी ना कधी सापडतात, आणि कॉन्ट्रॅक्टवाल्याला काढायला नोटीसही फारशी लागत नाही. बहुतेक कंपन्या दिवसाला दहा-बारा डॉक्टर मागतात, पाऊस-बंद-लग्नसराईत ते होत नाहीत, तेव्हा आठ झाले तर आठच लिहा आणि रिमार्कमध्ये कारण टाका.

२५ तारखेनंतर फोन येणार, "दोन पेट्या टाक ना स्टॉकिस्टला, पुढच्या महिन्यात काढू." पुढच्या महिन्यात कोण काढणार? तुम्ही जालही, माल परत येईल आणि तुमचं नाव त्या स्टॉकिस्टकडे कायमचं खराब होईल, आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या कंपनीचं असलं तरी स्टॉकिस्ट बहुधा तेच निघतात. सरळ नाही म्हणायला जमत नसेल तर आकडा पुढे करा: "सर, क्लोजिंग तीन महिन्यांचं आहे, स्टेटमेंट पाठवलंय, त्याऐवजी केमिस्टची पीओबी घेतलीय १८ हजारांची, तेवढा माल द्या." केमिस्टने मागितलेली ऑर्डर (हीच पीओबी) दाखवली की बहुतेक मॅनेजर गप्प बसतात, कारण त्यांनाही वर काहीतरी दाखवायचंच असतं.

सोडताना

शेवटच्या पंधरा दिवसांत हे सुरू करा, शेवटच्या दिवशी काही होत नाही. सॅम्पल-टॅब-बॅग परत करताना तोच पाच कॉलमचा कागद, या वेळी घेणाऱ्याची सही. स्टॉकिस्टचं त्या दिवसापर्यंतचं स्टेटमेंट, पेंडिंग क्लेमची यादी आणि गटवार डॉक्टर लिस्ट, तिन्ही एका मेलमध्ये एबीएमला. डॉक्टरांना आणि केमिस्टना जाऊन सांगा की अमुक तारखेपासून मी नाही, नवीन माणूस ठरला असेल तर त्याचा नंबर द्या. तुमचा एक्स्पेन्स त्या महिन्याच्या आत सबमिट झाला पाहिजे, आयडी बंद झाला की ॲपमध्ये शिरताच येत नाही, म्हणून आधी सगळ्या महिन्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पुढच्या एचक्यूवर जाताना पीएफ त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) चालू ठेवा, नवीन एजन्सी नवीन काढते म्हणाली तरी नको म्हणा. जुन्या एजन्सीने डेट ऑफ एक्झिट टाकली का ते पोर्टलवर बघा, नाही टाकली तर शेवटच्या कॉन्ट्रिब्युशननंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतः टाकता येते. फुल अँड फायनल लांबवत असतील तर आधी लेखी मेल, मग युनियन, आपल्या लाइनची एफएमआरएआय (एमआर लोकांची देशपातळीवरची संघटना) आहे आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यालाही तिथे विचारता येतं. आणि एक्स्पीरियन्स लेटरमध्ये एजन्सीच्या नावाबरोबर कंपनी, डिव्हिजन आणि एचक्यू हे तिन्ही लिहून घ्या, नुसतं एजन्सीचं नाव असलं की पुढचा इंटरव्ह्यू घेणारा विचारतो, "पण तुम्ही नक्की कुठल्या कंपनीचं काम केलं?"